माहेरी आणून सोडलेली

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत लतीफचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. खाली लूम, वर राहायचं घर. त्या घरात कोणी हळू बोलत नसे, कारण खालच्या खडखडाटात हळू बोललेलं ऐकूच जात नसे. लतीफची धाकटी बहीण रुकय्या त्याच घरात वाढली. पुढे ती जवळच्या बालवाडीत शिकवायला लागली, तेव्हा तो कमावलेला मोठा आवाज तिच्या कामी आला. बारावीपर्यंत शिकलेली, बोलकी, पोरांत रमणारी. एकदा ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं आणि त्यानंतर धड स्थळ आलंच नाही. अठ्ठावीस वर्षांची झाली, तशी तिची अम्मी तिच्या ताटात भात वाढतानाही उसासे टाकायला लागली.

२००३ साली इंग्लंडचं स्थळ आलं. मुबश्शिरचे वडील फार पूर्वी भिवंडीजवळच्या खेड्यातून तिकडे एका गिरणीत कामाला गेले होते आणि तिकडचेच झाले. मुबश्शिर तिथेच जन्मलेला, चाळिशीला आलेला, टायरचं दुकान चालवणारा. पहिल्या बायकोशी तलाक झाला होता. का झाला, ते लतीफने विचारलं नाही. आपल्याकडे परदेशातून आलेल्या नवऱ्यामुलाला कोणी प्रश्न विचारत नाही, चहा घेणार का एवढंच विचारतात.

मुबश्शिरने मात्र रुकय्याला एक प्रश्न विचारला. म्हाताऱ्या माणसांचं करायची सवय आहे का? त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. रुकय्याला ते आवडलं. आईची एवढी काळजी असलेला माणूस बायकोचीही घेईल, असं तिने कमळला सांगितलं. कमळ तिची शाळेतली मैत्रीण, मानकोलीच्या आगरी घरातली. नवरा केसरीनाथ भाताच्या जमिनीवर गोदामं बांधून भाड्याने देत होता. कमळने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आईचा सगला तो सोता करतो, का कराला बाई शोधतोय?" रुकय्या हसली. तिला वाटलं, कमळ जळते.

डिसेंबरात निकाह झाला. व्हिसा यायला पुढचा पावसाळा उजाडला. २००४च्या जुलैमध्ये ती गेली.

घर विटांचं होतं, दोन्ही बाजूंनी दुसऱ्या घरांना चिकटलेलं. समोरच्या खोलीत सासूचा पलंग होता आणि त्या पलंगाभोवतीच रुकय्याचा संसार सुरू झाला. सासूला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, चमच्याने भरवायचं, चादरी बदलायच्या. मुबश्शिर सकाळी जाताना दारातून आईला सलाम करायचा आणि आल्यावर परत दारातूनच. तो मारायचा नाही, ओरडायचाही नाही. रुकय्या काही बोलायला लागली की टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचा.

पण देश तिला आवडला, आणि ही गोष्ट ती पुढे कधीही नाकारत नसे. रस्ता ओलांडायला ती कडेला उभी राहिली की गाड्या थांबायच्या. पहिल्यांदा गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हरला कुठला तरी पत्ता हवा असेल असं समजून ती मागे सरली. नळ उघडला की गरम पाणी. वाचनालयात कोणीही जाऊन बसावं, कोणाची मुलगी म्हणून कोणी विचारत नव्हतं. सासूला तपासायला सरकारी नर्स घरी यायची, ती जाताना रुकय्याचा हात हातात घेऊन म्हणायची, तू फार छान काम करतेस. भिवंडीत मुलगी म्हणून जन्मभर केलेल्या कामाला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याच नर्सने मुबश्शिरच्या देखत सांगितलं, की चर्चच्या हॉलमध्ये बायकांसाठी इंग्रजीचा फुकट वर्ग चालतो, हिला पाठवा. परक्या बाईपुढे नाही म्हणणं मुबश्शिरला जमलं नाही.

वर्ग एक रिटायर झालेली शिक्षिका चालवायची. रुकय्या बालवाडीतल्या पोरासारखी मोठ्याने, न लाजता बोलायची आणि चुकायची. म्हणून ती सगळ्यांच्या पुढे गेली.

ती गरोदर राहिली. दवाखान्यातल्या सुईणीने मुबश्शिरला बाहेर बसायला सांगितलं आणि टेलिफोनवर एक उर्दू बोलणारी बाई जोडून विचारलं, "घरी तुला कोणाची भीती वाटते का?" रुकय्याला प्रश्नच कळला नाही. भीती म्हणजे मारहाण असं तिला वाटलं. नाही, ती म्हणाली, मी मजेत आहे. सुईणीने ते लिहून घेतलं.

२००५च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली. नाव ठेवलं हफसा. कोणाच्याही ओळखीशिवाय, कोणाला काही चारल्याशिवाय बाळंतपण झालं, डॉक्टर वाकून तिच्याशी बोलले, आयाने चहा आणून दिला. तिने अम्मीला फोनवर हे सगळं सांगितलं. तिकडून लतीफने फोन घेतला आणि विचारलं, मुबश्शिर माझ्या कामाचं काही बोलला का? भिवंडीत तेव्हा धंदा बसत चालला होता, वीज जायची, गल्लीतले निम्मे लूम बंद होते. मुबश्शिरच्या एका मित्राचा चादरींचा कारखाना होता आणि तिथे मशीन दुरुस्त करणारा माणूस लागणार होता. लतीफला सगळी मशीनं येत होती. रुकय्याने नवऱ्याला विचारलं. बघू, तो म्हणाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सासू गेली. रुकय्या रडली. त्या बाईला शेवटच्या महिन्यांत तिचं मनगट पकडून ठेवायची सवय लागली होती. घरात दुसरं कोणी रडलं नाही. महिन्याभरात पलंग उचलून नेला आणि समोरच्या खोलीत सोफा आला. रुकय्याचे दिवस मोकळे झाले. हफसाला बाबागाडीत घालून ती वर्गाला जायची. शिक्षिकेने सांगितलं, की जवळच्या बालवाडीत मदतनीस हवी आहे आणि तू तर हे काम केलेलं आहेस.

तिने त्या संध्याकाळी मुबश्शिरला आनंदाने सांगितलं. त्याने पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज कमी केला.

"तुला इथं कोणासाठी आणली होती?" त्याने विचारलं.

"अम्मांसाठी."

"मग? अम्मा राहिल्या?"

एवढंच. दुसऱ्या दिवशी तो जरा गोड वागला. म्हणाला, तुझा दोन वर्षांचा व्हिसा जुलैमध्ये संपेल, मग कायमच्या राहण्याचा अर्ज करायचा आहे. त्याच्या आधी माहेरी जाऊन येऊ, तुझी अम्मी नातीला बघेल. रुकय्याने स्वतःच्या पैशाने अम्मीसाठी लोकरीचा स्वेटर घेतला. भिवंडीत त्याचा काही उपयोग नाही हे तिला माहीत होतं, तरी घेतला.

२००६च्या फेब्रुवारीत ते आले. आठवडाभर घरात ईद असल्यासारखं होतं. हफसा दहा महिन्यांची, गोरी, गुटगुटीत. लतीफची बायको आणि मुलगा तिला खाली ठेवत नसत, गल्लीतल्या बायका तिला बघायला यायच्या. खाली लतीफ आणि मुबश्शिर कारखान्यात बसून बोलायचे आणि रुकय्या चहा घेऊन गेली की गप्प व्हायचे. तिला वाटलं, कामाच्या परवान्याचं चाललं असेल. ते खरंही होतं.

एका सकाळी अम्मी म्हणाली, नात्यात एका मुलीची हळद आहे, चल माझ्यासोबत. हफसाला सर्दी आहे, तिला गर्दीत नको नेऊ, तिचा बाप आहे ना घरी. रुकय्या हफसाला पोटभर पाजून गेली. अम्मीने तिकडे तिला दुपारपर्यंत बसवून ठेवलं. जेवण झालं तरी अम्मीचं बोलणं संपेना. रुकय्याची छाती दुधाने भरून दुखायला लागली, तशी ती एकटीच रिक्षा करून परतली. घरात हफसा नव्हती, मुबश्शिर नव्हता, मोठी बॅग नव्हती. लतीफ खाली कारखान्यात एका बंद लूमला तेल घालत होता.

"भाई, हफसा कुठंय?"

"त्याची पोर त्याने नेली," लतीफ मान वर न करता म्हणाला. "तू थोडे महिने इथंच राहा. तुला तिकडची हवा लागली, असं त्याला वाटतंय. डोकं ठिकाणावर आलं की बोलवेल."

ती वर धावली. लतीफचं कपाट उघडंच होतं. तिचा पासपोर्ट त्यात ठेवायला दिला होता, तो नव्हता. तो कोणी दिला ते विचारायची गरज नव्हती, कारण कपाटाची किल्ली लतीफच्याच कमरेला असायची. विमान संध्याकाळचं होतं. ती पायात चप्पल न घालता नाक्यापर्यंत धावली, विमानतळावर येतोस का म्हणून तिने चार रिक्षावाल्यांना विचारलं आणि चौघांनीही तिच्याकडे बघून नाही म्हणून मान हलवली. लतीफ मागून आला आणि दंड धरून तिला घरी घेऊन गेला. गल्ली बघत होती.

थोड्या महिन्यांचं बोलणं खोटं आहे, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि ते कोणी बोलून दाखवलं नाही. छातीत दुधाच्या गाठी झाल्या होत्या, अंगात ताप होता. तिला वाटलं अम्मी शेकायला गरम पाणी आणेल, दूध पिळून काढायला सांगेल, म्हणजे पोर परत मिळेपर्यंत दूध टिकेल. अम्मी जुनी साडी फाडून घेऊन आली आणि तिने रुकय्याच्या छातीवर ते फडकं गच्च आवळून बांधलं, गाठीवर गाठ मारून. दूध आटवायला असं बांधतात. मूल मेलं की बांधतात. रुकय्याने अम्मीच्या तोंडाकडे पाहिलं. अम्मी गाठ मारण्यात गुंतली होती.

त्यानंतर ती कमळकडे गेली. केसरीनाथ तिला घेऊन पोलिसांकडे गेला. तिथला साहेब म्हणाला, बापाने स्वतःची मुलगी नेली, यात गुन्हा कुठला? पासपोर्टचं म्हणाल तर हरवला म्हणून लिहितो. हरवला नाही, चोरला आहे, असं ती म्हणत राहिली आणि त्याने हरवला असं लिहिलं. मोहल्ल्यातले मौलाना एकटे तिच्या बाजूने उभे राहिले. दूध पिणारी मुलगी आईपासून तोडणं हराम आहे, असं त्यांनी लतीफला चार माणसांत सुनावलं आणि मुबश्शिरच्या तिकडच्या मशिदीला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. नवा पासपोर्ट मिळेपर्यंत जुलै उलटून गेला आणि व्हिसा संपला. नवा व्हिसा मागितला तर नवऱ्याची संमती नाही म्हणून नाकारला. मग तलाकचा निरोप आला. तोही लतीफच्या फोनवर. लतीफने तो तिला जेवताना सांगितला.

२००७ साली लतीफचा कामाचा परवाना आला.

तो गेला. बायको आणि मुलगा भिवंडीत ठेवून गेला, त्यांच्यासोबत अम्मी, आणि माळ्यावरच्या खोलीत रुकय्या. तो ईदला हफसाला बघायचा. फोनवर सांगायचा, पोर मजेत आहे, नवी आई चांगली आहे, तू काही गडबड करू नकोस, माझी नोकरी त्याच्या शब्दावर आहे. लतीफची बायको वाईट नव्हती. पण तिकडून बिस्किटांचे डबे यायचे, चॉकलेटं यायची, आणि ती चॉकलेटं ती रुकय्यालाही देऊ करायची.

रुकय्याने गडबड केली. तिने त्या इंग्रजीच्या शिक्षिकेला चर्चच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. सगळं इंग्रजीत, चुकत, पण स्वतः. म्हातारीने तिच्यासाठी एक वकील शोधून काढली, अशा बायकांचे खटले फुकट चालवणारी. कागद जायला यायला वर्ष गेलं. २००८च्या शेवटी रुकय्याला मुलीच्या ताब्याच्या खटल्यापुरता, थोड्या आठवड्यांचा व्हिसा मिळाला. तिकिटाचं कमळने बघितलं. ती शिक्षिकेच्या घरी उतरली.

आधी मुलीची भेट ठरली, एका खोलीत, जिथे खेळणी होती आणि कोपऱ्यात वही घेऊन बसलेली एक बाई होती. हफसा साडेतीन वर्षांची झाली होती. केस कापलेले, गुलाबी कोट. रुकय्याने मांडीवर घ्यायला हात पुढे केले आणि हफसा त्या कोपऱ्यातल्या बाईच्या पायाशी जाऊन उभी राहिली. रुकय्या बालवाडीतली होती, मुलं कशी वळवतात हे तिला माहीत होतं. ती जमिनीवर बसली, हफसाकडे न बघता ठोकळे रचायला लागली. थोड्या वेळाने हफसा येऊन शेजारी बसली. एक ठोकळा ठेवला. मग तिने इंग्रजीत विचारलं, "मी बाळ होते तेव्हा मला टाकून गेलीस ती तूच ना?"

"नाही," रुकय्या म्हणाली. कोपऱ्यातल्या बाईने लगेच, अगदी मऊ आवाजात सांगितलं, की मुलीशी जुन्या भांडणाविषयी बोलायचं नाही असा नियम आहे. रुकय्याने पुढचा ठोकळा ठेवला.

कोर्टात मुबश्शिरने साक्षीदार आणला होता. लतीफ. नवा काळा कोट घालून तो उभा राहिला आणि म्हणाला, की बहिणीला तिकडची थंडी सोसत नव्हती, तिने आपणहून माहेरी राहायचं ठरवलं आणि मुलीचं भलं व्हावं म्हणून मुलगी बापाच्या हवाली केली. पासपोर्ट तिच्याजवळच होता, हरवला, पोलिसांतही तसंच लिहिलेलं आहे. दुभाषा त्याची उर्दू इंग्रजीत सांगत होता आणि रुकय्याला दोन्ही भाषांत ते कळत होतं.

मधल्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाई, कुराणावर हात ठेवलास तू."

"माझ्या पोराला पण हितं आणायचंय," लतीफ म्हणाला. "तुझी पोर मोठ्या देशात वाढते. माझ्या पोराने तिकडे बंद लूम पुसत बसायचं? तुझं तर व्हायचं ते होऊन गेलं. माझं कशाला बिघडवतेस?"

तो हे चिडून बोलला नाही. समजूत घालावी तसं बोलला.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी निकाल सांगताना रुकय्याकडे बघून सांगितलं, की तिचं मुलीवर प्रेम आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही. आईवर अन्याय झाला असणंही शक्य आहे. पण मुलगी त्या घरात रुळली आहे, तिला दुसरी भाषा येत नाही, तिला आता उपटून दुसऱ्या देशात नेणं तिच्या हिताचं नाही. आईने वर्षातून काही वेळा फोन करावा, पत्रं पाठवावीत. इतक्या अदबीने रुकय्याचं काही कोणी कधी हिरावून घेतलं नव्हतं. शिक्षिका तिच्या शेजारी बसून रडत होती आणि रुकय्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

काही बायकांनी तिला सांगितलं, जाऊ नकोस, राहा लपून, इथे शेकडो राहतात. तिने एक दिवस विचार केला. लपून राहिलं तर मुलीच्या दारात कधीच उभं राहता येणार नाही, आणि राहिलं नाही तरी येणार नाही. ती परत आली.

लतीफच्या घरात ती गेली नाही. केसरीनाथच्या गोदामात एका कंपनीचा माल असायचा, तिथे इंग्रजी वाचता बोलता येणारं माणूस हवं होतं. कमळने तिला लावलं आणि मानकोलीलाच एक खोली पाहून दिली. गोदामातले हमाल तिला मॅडम म्हणायचे. तिची शिस्त कडक होती. उशिरा आलेल्याची हजेरी ती मांडत नसे, मग कारण काही असो. एकाची बायको बाळंत झाली होती, त्याचीही मांडली नाही. कमळने त्यावरून तिला टोकलं, तर ती म्हणाली, नियम आहे.

ठरल्याप्रमाणे ती फोन करायची. मुबश्शिर बहुतेक वेळा उचलत नसे. उचलला तर हफसा शाळेतलं काहीतरी सांगायची, दुसऱ्या कोणाला सांगावं तसं, आणि मध्येच फोन ठेवून जायची.

२००९ साली लतीफच्या बायकामुलाचा व्हिसा आला. कारखाना मोडीत गेला, लूम भंगारवाल्याने तोडून ट्रकमध्ये भरले, घर भाड्याने द्यायचं ठरलं. अम्मीचा व्हिसा होणार नव्हता. लतीफने फोन केला आणि गेल्या वर्षी काही घडलंच नसल्यासारखं विचारलं, अम्मीला तू नेशील ना? दुसरं कोण आहे तिला?

रुकय्या म्हणाली, आण.

कमळला वाटलं, ही बाई म्हणजे संत आहे. तसं तिने केसरीनाथला सांगितलंही. मग ती अधूनमधून त्या खोलीत जायला लागली, तेव्हा तिला कळलं. रुकय्या अम्मीला वेळेवर वाढायची, गोळ्या द्यायची, केस विंचरून द्यायची, दर शुक्रवारी धुतलेले कपडे काढून ठेवायची. फक्त तिच्याशी बोलायची नाही. एक शब्दही नाही. अम्मी सकाळपासून बोलायची, आज पाणी कसं आलं, गुडघा कसा दुखतो, शेजारीण काय म्हणाली. मग विनवायची. मग रडायची. रुकय्या तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून कामाला निघून जायची. ज्या घरात ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं, तिथे आयुष्य काढलेल्या म्हातारीला त्या खोलीत आपला श्वास ऐकू यायचा.

"तिने चूक केली, मान्य," कमळ एकदा म्हणाली. "पन किती दिवस? म्हातारी हाय ती. माफ कर नायतर शिव्या तरी दे."

"खायला मिळतंय ना तिला?" रुकय्या म्हणाली.

त्या वर्षीच्या ईदला लतीफचा फोन आला. कमळ शिरखुर्मा खायला आली होती, तिने हे पाहिलं. अम्मीने फोन कानाला घट्ट धरला होता. लतीफ बोलला, मग त्याने मुलाला फोन दिला. ते पोर थोड्याच महिन्यांत तिकडच्या शाळेत मिसळलं होतं आणि धडाधड इंग्रजीत बोलायला लागलं होतं. अम्मी नुसती हो बाळा, हो बाळा करत होती. मग तिला राहवेना. तिने फोनचा स्पीकर लावायला कमळला सांगितलं आणि रुकय्याकडे पाहिलं.

"काय म्हणतो गं तो? एवढं सांग. माझ्यासाठी काय म्हणतो?"

खोलीत मुलाचा आवाज घुमत होता. कमळला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण हफसा हे नाव तिला दोनदा ऐकू आलं. रुकय्याने वाटीतला शिरखुर्मा संपवला, वाटी उचलली आणि मोरीत जाऊन ती घासायला बसली. अम्मी फोन हातात धरून तिच्या पाठीकडे बघत राहिली. तिकडून मुलगा काहीतरी विचारून थांबला होता, उत्तराची वाट बघत.